पाय बोलत नाहीत, म्हणून दरवर्षी विचारायचं



नवरात्र संपलं, गरब्याचे चणिया-चोळी कपाटात गेले आणि आता घराघरांत फराळाची तयारी सुरू होईल. पुण्याला, बंगळुरूला, टोरांटोला गेलेली आपली मुलं याच दिवसांत बडोद्याला येतात. त्यामुळे या वेळचं सदर मुख्यतः त्यांच्यासाठी आणि इथंच राहून आई-बाबांचं पाहणाऱ्या तुमच्यासारख्या तरुण मंडळींसाठी.

घरात कोणाला मधुमेह आहे हे तुम्हाला माहीत असतंच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. म्हणजे आपल्या मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमात मागच्या-पुढच्या रांगेत कोणीतरी मधुमेही बसलेलं असणारच. फोनवर आपण विचारतो, “बाबा, उपाशीपोटीची साखर किती आली? तीन महिन्यांची सरासरी किती?” डोळे तपासून झाले का, हेही आता बरेच जण विचारतात. पण “पायापर्यंत रक्त नीट पोचतंय का, हे कोणी पाहिलं का?” हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. दवाखान्यातही आई-बाबा खुर्चीवर बसतात, फाईल उघडते, रिपोर्ट वाचला जातो, गोळ्या लिहून दिल्या जातात. पायातले बूट-मोजे मात्र पायातच राहतात.

आजचा विषय एवढाच आहे. ते मोजे वर्षातून एकदा तरी उतरले पाहिजेत.

पाय गप्प का राहतो

आपल्या धमन्यांच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षं चरबीचा थर साचत जातो आणि त्या अरुंद होतात. हे हृदयात झालं की आपण लगेच धावपळ करतो. तेच पायांच्या धमन्यांत झालं, तर त्याला डॉक्टर ‘पेरिफेरल आर्टरी डिसीज’ किंवा थोडक्यात पीएडी म्हणतात. मधुमेह असलेल्यांत हे जास्त प्रमाणात होतं, लवकर होतं आणि बऱ्याचदा गुडघ्याखालच्या बारीक धमन्यांत होतं.

एरवी याची खूण ठरलेली आहे. चालताना पोटरीच्या स्नायूला जास्त रक्त लागतं. अरुंद धमनी ते पुरवू शकत नाही. मग ठरावीक अंतर चाललं की पोटरीत गोळा आल्यासारखं दुखतं, दोन-चार मिनिटं उभं राहिलं की थांबतं, आणि पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा दुखतं. बसल्या जागी दुखत नाही, चाललं की दुखतं, थांबलं की राहतं. हा क्रम कोणी सांगितला तर तो ‘वात’ किंवा ‘वयाचं दुखणं’ म्हणून सोडून देऊ नका.

अडचण अशी, की मधुमेही माणसाचा पाय ही खूण दाखवेलच असं नाही. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेमुळे पायांचे मज्जातंतू बोथट होतात. सुरुवातीला मुंग्या, जळजळ. पुढे पुढे बधिरपणा. रक्त कमी पडतंय हे ओरडून सांगणारी यंत्रणाच मंदावते. त्यात माणसाचा स्वभाव. दुखायला लागण्याच्या आधीच तो नकळत थांबायला शिकतो. कमाटीबागेत तीन फेऱ्या मारणारे काका एक फेरी मारून बाकावर बसतात आणि म्हणतात, “आता गप्पांतच मजा येते.” मांडवीपर्यंत पायी जाणाऱ्या काकू रिक्षा करतात. घरच्यांना वाटतं, वय झालं. असेलही. पण वर्षभरात चालण्याचं अंतर निम्म्यावर आलं असेल, तर का, हे विचारायला हवं.

आणखी एक फसवी गोष्ट सांगतो. “पाय गरम लागतो, म्हणजे रक्त आहे,” असं घरात म्हणतात. मज्जातंतूंवर परिणाम झालेला पाय कधीकधी गरम आणि कोरडा लागतो. त्यामुळे नुसत्या हाताला लागणाऱ्या उबेवर विसंबून राहता येत नाही.

वेदना नसणं हाच धोका

दुखत नाही म्हणजे बरं आहे, हा आपला सर्वांचा हिशेब असतो. तो किती चुकीचा ठरू शकतो हे जगाला शिकवलं ते आपल्याच देशातल्या कामानं. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात झाला. १९४६ पासून ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शल्यचिकित्सक होते. कुष्ठरोग्यांची बोटं ‘झडतात’ असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिलं की रोगानं मांस आपोआप झडत नाही. संवेदना गेल्यामुळे माणसाला चटका, काटा, चावणारी चप्पल काहीच कळत नाही. जखमेवर जखम होत जाते आणि त्यातून बोटं जातात. १९६६ नंतर अमेरिकेत कारव्हिल इथं काम करताना त्यांनी हाच विचार मधुमेही पायांसाठी वापरला. बधिर पायांसाठी चपलांना मऊ रबराचा तळ देण्याची कल्पनाही या कामातून पुढे आली. आज चपलांच्या दुकानात ‘एमसीआर’ म्हणून जी मऊ चप्पल मिळते, तिचं मूळ तिथं आहे.

आता बधिरपणा आणि अपुरा रक्तपुरवठा एकत्र आले तर काय होतं, ते पाहा. गरब्याच्या मैदानात अनवाणी पायाला खडा लागतो. कळत नाही. जखम होते, ती मोज्याला लागलेल्या डागावरून तिसऱ्या दिवशी दिसते. आता ती भरायला रक्त हवं. प्राणवायू, पांढऱ्या पेशी, प्रतिजैविकाचं औषध, सगळं रक्तातूनच जातं. रक्तच पोचत नसेल तर मलम बदलून उपयोग नाही. जखम चिघळते, बोट काळं पडतं. मधुमेहामुळे पाय किंवा बोट कापावं लागलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के जणांत सुरुवात अशा साध्या जखमेनं झालेली असते, असं अभ्यास सांगतात. म्हणजे मधे थांबवायला वेळ होता. १९८९ साली इटलीतल्या सेंट व्हिन्सेंट इथं युरोपातल्या देशांनी मधुमेहामुळे होणारे अंगच्छेद पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचं उद्दिष्ट ठरवलं, ते याच भरवशावर.

आपल्याकडेही यावर काम झालं आहे. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी मधुमेही पायांवर सचित्र वैद्यकीय ग्रंथ लिहिला, आणि ‘स्टेप बाय स्टेप’ या प्रकल्पात त्यांचा मोठा वाटा होता. २००४ च्या सुमारास सुरू झालेल्या या प्रकल्पात भारतासह काही देशांत डॉक्टर आणि त्यांच्यासोबतची परिचारिका अशा जोड्यांना पाय तपासायला शिकवलं गेलं. त्यांना महागडं यंत्र दिलेलं नव्हतं. मोजे उतरवून बघायचं, हात लावायचं, साधी साधनं वापरायची आणि धोक्याचा पाय वेळेवर ओळखायचा, एवढाच त्याचा गाभा होता.

तपासणी म्हणजे नेमकं काय

पहिली पायरी हाताची. डॉक्टर पायाच्या दोन ठिकाणी नाडी बघतात: एक पावलाच्या वरच्या बाजूला आणि दुसरी आतल्या घोट्याच्या हाडामागे. पावलावरची नाडी काही निरोगी माणसांतही जन्मतःच सापडत नाही. म्हणून एकच नाडी लागली नाही तर घाबरायचं नाही. पण दोन्ही लागत नसतील तर पुढची तपासणी हवीच.

दुसरी पायरी म्हणजे घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाची तुलना. डॉक्टर तिला ‘एबीआय’ म्हणतात. पाच-दहा मिनिटं आडवं झोपवतात. दोन्ही दंडांचा आणि दोन्ही घोट्यांचा वरचा रक्तदाब मोजतात. घोट्याला स्टेथोस्कोपऐवजी पेनाएवढं डॉप्लर यंत्र लावतात. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी चढी आणि लांब जाणाऱ्या गाडीची उतरती ऐकू येते, त्यामागचं तत्त्व ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ साली मांडलं. त्याच तत्त्वावर हे यंत्र वाहत्या रक्ताचा ‘फुस्स-फुस्स’ आवाज ऐकवतं. सुई नाही, दुखत नाही, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं.

मग साधा भागाकार. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब. समजा दंडाचा दाब १४० आहे आणि घोट्याचा १५४, तर उत्तर १.१०. हे ठीक. घोट्याचा दाब ९८ आला तर उत्तर ०.७०, म्हणजे वाटेत अडथळा आहे. ठोकताळा असा:

• १.०० ते १.४० : सर्वसाधारण
• ०.९१ ते ०.९९ : सीमारेषेवर, लक्ष ठेवायचं
• ०.९० किंवा कमी : पायाच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत
• १.४० पेक्षा जास्त : आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही

शेवटची ओळ मधुमेही घरांनी नीट लक्षात ठेवावी. जास्त म्हणजे चांगलं, असं इथं नाही. जुन्या मधुमेहात घोट्याजवळच्या धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या कडक होतात, जुन्या पाण्याच्या नळासारख्या. मग पट्टा कितीही फुगवला तरी त्या दबत नाहीत. वरच्या उदाहरणात घोट्याचा दाब २३० दिसला तर उत्तर १.६४ येईल. तो जोर रक्ताचा नाही, कडक भिंतीचा आहे. याहून फसवी गोष्ट म्हणजे, अडथळा आणि कडकपणा दोन्ही असले तर आकडा मधेच कुठेतरी, अगदी ‘सर्वसाधारण’ रकान्यातही येऊ शकतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात, कारण अंगठ्याच्या बारीक धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत. अंगठ्याचा दाब दंडाच्या दाबाच्या ०.७० पटीपेक्षा कमी आला तर रक्तपुरवठा अपुरा आहे असं समजतात. डॉप्लरच्या आवाजाची लय आणि आलेख यांवरूनही अनुभवी माणसाला अंदाज येतो. म्हणून रिपोर्ट हातात आला की नुसता आकडा व्हॉट्सॲपवर टाकून “नॉर्मल आहे” म्हणू नका. “धमन्या कडक आहेत का? अंगठ्याचा दाब बघायला हवा का?” एवढं डॉक्टरांना विचारा.

कोणी करून घ्यावी

पाय उघडे करून पाहणं, नाडी आणि संवेदना तपासणं हे प्रत्येक मधुमेही व्यक्तीचं दरवर्षी व्हायला हवं. एबीआयबद्दल अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या तज्ज्ञांनी २००३ साली असं सुचवलं, की पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक मधुमेही व्यक्तीची ही चाचणी करावी आणि ठीक आली तर पाच वर्षांनी पुन्हा करावी. पन्नाशीच्या आतल्यांचीही करावी, जर धूम्रपान, रक्तदाब, वाढलेलं कोलेस्टेरॉल किंवा दहा वर्षांहून जुना मधुमेह असेल. पुढे वयाच्या अटीसारखे तपशील बदलत गेले, पण सूत्र तेच राहिलं. चालताना पोटरी दुखणं किंवा न भरणारी जखम असेल तर वयाची वाट बघायचीच नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. काहीही त्रास आणि धोका नसलेल्या सरसकट सगळ्यांची ही चाचणी करून फायदा होतो, याला पुरेसा पुरावा नाही, असं अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलानं २०१८ साली म्हटलं आहे. तेव्हा तिशीतल्या धडधाकट मुलानं सवलतीच्या ‘पॅकेज’मध्ये ती घ्यायची गरज नाही. ते पैसे बाबांच्या तपासणीला वापरा.

घरी काय करता येतं

संवेदनेसाठी एक सोपी चाचणी इंग्लंडमधल्या इप्सविच इथल्या डॉक्टरांनी २०११ साली पुढे आणली. तिला फक्त तुमचं एक बोट लागतं. आई-बाबांना पाय लांब करून बसवा, डोळे मिटायला सांगा. “डाव्या पायाला हात लागला तर डावा म्हणा, उजव्याला लागला तर उजवा.” मग तुमच्या तर्जनीच्या टोकानं दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एकेकदा अगदी हलका स्पर्श करा, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत, दुसरी संधी द्यायची नाही. एकूण सहा स्पर्श. दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत तर संवेदना कमी झालेली असू शकते, डॉक्टरांना सांगायचं. लक्षात ठेवा, ही चाचणी मज्जातंतूंची आहे, रक्तपुरवठ्याची नाही. ती पास झाली तरी नाडी बघायचीच.

बाकी आपल्या बडोद्याच्या सवयींकडे जरा पाहू या. गरबा, पावागडच्या पायऱ्या, चैत्रातली नर्मदेची उत्तरवाहिनी परिक्रमा, मे महिन्यात तापलेली देवळाची फरशी. श्रद्धेपोटी आपली ज्येष्ठ मंडळी इथं अनवाणी जातात. श्रद्धेला हात न लावता एवढंच सांगायचं, की ज्यांच्या पायाची संवेदना किंवा रक्तपुरवठा कमी आहे त्यांनी मऊ मोजे आणि चप्पल घालूनच जावं. देव रागवत नाही. कुरूप ब्लेडनं कापायचं नाही, त्यावर औषधी पट्ट्या चिकटवायच्या नाहीत; त्यात ॲसिड असतं. थंडीत गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपायचं नाही. नवी मोजडी दिवसभर घालायची नाही.

आणि तंबाखू. सिगारेट-बिडी ही पायांच्या धमन्यांची सर्वांत मोठी वैरीण. मिश्री, मावा, मसाला हे ‘ओढत नाही, नुसतं तोंडात ठेवतो’ म्हणून सुटत नाहीत.

अडथळा निघाला तर

ही भीतीच पुष्कळांना तपासणीपासून दूर ठेवते. “उगाच बघितलं आणि पाय कापायला सांगितला तर?” प्रत्यक्षात उलट आहे. वेळेवर कळलेल्या बहुतेकांना औषधं, तंबाखू सोडणं, साखर-रक्तदाब-कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणं आणि डॉक्टरांनी आखून दिलेलं नियमित चालणं यांवरच ठेवतात. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. यानं अंतर वाढतं. पायाला जखम असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारूनच. गरज पडली तर फुग्यानं धमनी उघडतात किंवा बायपास करतात. शिवाय पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या माणसाला हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोकाही जास्त असतो. म्हणजे घोट्याला लावलेला पट्टा हृदयाचीही खबर देतो.

काही खुणांना मात्र थांबायचं नाही. रात्री पाऊल दुखून झोपमोड होणं आणि पाय पलंगाखाली लोंबकळत ठेवला की बरं वाटणं, बोट निळं-काळं पडणं, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, जखमेभोवती लाली-सूज किंवा वास, लगेच दाखवा. पाय अचानक पांढरा, गार पडला आणि खूप दुखू लागला किंवा हलेनासा झाला तर तासांचा प्रश्न असतो; त्याच क्षणी एसएसजीसारख्या मोठ्या रुग्णालयात न्यायचं. भाऊबीज असो की पाडवा.

तर मंडळी, नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंग असतंच. यंदा आई-बाबांच्या, आजी-आजोबांच्या पायांना तेल लावायचं काम तुम्ही घ्या. आधी पाणी तुमच्या कोपरानं तपासा, फार कढत नको. दोन्ही पावलं उजेडात बघा: टाचेच्या भेगा, घट्टे, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा. बेचक्यांत तेल सोडू नका, तिथं कोरडं पुसा. त्यांना संकोच वाटेल. “अरे, राहू दे, पायाला कशाला हात लावतोस?” म्हणतील. नमस्काराला हात लावतोच की, म्हणावं.

आणि परत जाण्याच्या तिकिटाआधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांची एक वेळ घ्या. सोबत जा, आणि खुर्चीवर बसण्याआधी त्यांचे मोजे उतरवा.

सर्वांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा. पुढच्या अंकात भेटूच.